कूलरची ताटी बदलली, अर्थिंगचे काय?

होळी झाली की अचलपूर-परतवाड्यात कूलर खाली येतात. कुणाचा माळ्यावरून, कुणाचा गच्चीवरून, कुणाचा मागच्या खोलीतून. गेल्या वर्षीचे गवत काळे पडलेले असते, जाळीवर पांढरा थर साचलेला असतो, टाकीच्या तळाला गंज धरलेला असतो. मग दोन दिवस त्याची सरबराई चालते. नवी ताटी येते, पंप फिरतो की नाही ते पाहिले जाते, मोटरला तेलाचे दोन थेंब मिळतात, पत्र्यावर रंगाचा हात फिरतो. कूलर खिडकीत बसतो, पिन लागते, गार वारा सुटतो आणि घरातले सगळे त्याच्यासमोर येऊन बसतात.

या तयारीत एक प्रश्न फारच थोड्या घरांत विचारला जातो. कूलर ज्या बोर्डाला लावला, त्या बोर्डाच्या तिसऱ्या, मोठ्या भोकामागे खरोखर अर्थिंगची तार आहे का?

मार्च ते जून या काळात वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. कूलरमध्ये पाणी भरताना विजेचा धक्का लागला. कधी घरातली बाई, कधी शाळेला सुटी लागलेले पोर, कधी त्यांना सोडवायला धावलेला दुसरा माणूस. बातमी चार ओळींची असते. महावितरणचे ‘काळजी घ्या’ असे सांगणारे पत्रकही दर उन्हाळ्यात येते. दोन्ही वाचून होतात आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा छापावे लागते. देशभरात विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांवर माणसे मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची अलीकडच्या वर्षांतली आकडेवारी सांगते. त्यात कूलरचा वेगळा रकाना नाही. त्यामुळे विदर्भाच्या उन्हाळ्याचा त्यातला वाटा किती, हे कुणी मोजत नाही.

कूलर ही इथली चैन नव्हे

पुण्या-मुंबईच्या माणसाला कूलर म्हणजे स्वस्तातला एसी वाटतो. वऱ्हाडात तसे नाही. अचलपूर सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. वर चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर, थंड. खाली गावात मात्र डोंगराचा तापलेला दगड आणि समोर पूर्णेच्या खोऱ्याचे सपाट, उघडे मैदान. इंग्रजांच्या काळात परतवाड्याच्या छावणीतले साहेब उन्हाळ्यात वर चिखलदऱ्याला जात. त्याही आधी अचलपूरच्या राज्यकर्त्यांनी तलावाच्या मधोमध हौज कटोऱ्याची अष्टकोनी इमारत उभी केली. पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याची किंमत या गावाला जुनी माहीत आहे. ज्यांना चिखलदरा आणि तलाव परवडत नव्हता, त्यांनी वाळ्याचे पडदे भिजवून दाराला लावले. आजचा पत्र्याचा कूलर त्याच पडद्याचा नातू.

मे २०२४ मध्ये शेजारच्या अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने महिनाअखेरपर्यंत चक्क जमावबंदीचा आदेश काढला. खासगी शिकवण्यांना दुपारचे वर्ग घेण्यास मनाई झाली, कामगारांसाठी पाणी आणि पंख्याची सोय करण्याची जबाबदारी मालकांवर टाकली गेली. उन्हासाठी जमावबंदी लागते अशा मुलखात पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या घराला, बाळंतिणीला, म्हाताऱ्या माणसाला कूलर हे औषध आहे. दीड टनाचा एसी चालताना दीड किलोवॉटच्या आसपास वीज ओढतो. घरगुती कूलर बहुधा दीडशे ते अडीचशे वॉटमध्ये भागवतो. म्हणून ‘धोका आहे तर कूलर वापरू नका’ हा सल्ला इथे निरर्थक आहे. कूलर वापरायचाच आहे. प्रश्न फक्त तो कसा लावायचा, एवढाच.

गारवा येतो कुठून?

पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. कूलरमध्ये ती बाहेरून येणाऱ्या तापलेल्या हवेतून घेतली जाते, म्हणून हवा थंड होऊन आत येते. हवा जितकी कोरडी, तितका गारवा जास्त. मे महिन्यातल्या दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या ताटीतून येणारी हवा २८ ते ३० अंशांपर्यंत उतरू शकते. तोच कूलर जुलैत, ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत लावला तर फार तर चार-पाच अंशांचा फरक पडतो, आणि अंगाला चिकचिक होते ती वेगळी. बिघाड यंत्रात नसतो. तेव्हा हवेलाच पाणी नको असते.

यातून घरात करण्याजोग्या दोन गोष्टी निघतात. पहिली, कूलरचे तोंड आत आणि ताट्या बाहेर असाव्यात, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा घेईल. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. दुसरी, समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे. ‘गार हवा बाहेर जाईल’ म्हणून सगळे बंद करून घेणारी घरे अर्ध्या तासात घामेजतात आणि मग ताटीला दोष देतात. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल, तर नवी हवा आत येणार कशी?

धक्का लागतो तो असा

कूलर म्हणजे पाणी, पत्रा आणि वीज एकाच खोक्यात. पंप टाकीत बुडालेला असतो. त्याची वायर मध्येच तुटली म्हणून जोडून वर चिकटपट्टी गुंडाळलेली असेल आणि तो जोड पाण्यात गेला, तर टाकीतल्या पाण्यात वीज उतरते. पंख्याच्या मोटरवरून दिवसरात्र ओली हवा वाहते, त्यामुळे तिच्या आतल्या तारांवरचे आवरण वर्षागणिक कमजोर होते. गावात बनवलेल्या पत्र्याच्या कूलरमध्ये वायर ज्या भोकातून बाहेर येते, तिथे अनेकदा रबराची बांगडीच नसते. पत्र्याची धार थरथरून वायर कापत राहते. यातले काहीही घडले की कूलरचे अंग विजेशी जोडले जाते.

खरी फसगत पुढे आहे. अर्थिंग नसेल तर अशा वेळी काहीच होत नाही. फ्यूज जात नाही, एमसीबी पडत नाही, पंखा फिरत राहतो, वारा गारच येतो. २३० व्होल्ट अंगावर घेऊन कूलर शांतपणे उभा असतो आणि जमिनीपर्यंत जायला वाट शोधत असतो. चप्पल घातलेल्या माणसाला हात लावल्यावर नुसत्या मुंग्या येतात. तो म्हणतो, ‘थोडा करंट मारतो’. थोड्या वेळाने पाणी भरायला येणारी बाई अनवाणी असते, खालची फरशी पाण्याने ओली असते, हात ओले असतात. वाट मिळते.

ओल्या अंगाचा विरोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. म्हणजे २३० व्होल्टला शरीरातून सव्वादोनशे मिलीअँपिअरहून जास्त प्रवाह जाऊ शकतो. दहा-पंधरा मिलीअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. लोक म्हणतात, ‘करंटने चिकटवून घेतले’. वीज चिकटवत नाही, स्वतःची मूठच उघडत नाही. पन्नास ते शंभर मिलीअँपिअर काही क्षण छातीतून गेले, तरी हृदयाची लय बिघडू शकते. आणि घरातला एमसीबी सहा, दहा किंवा सोळा अँपिअरचा असतो. एक अँपिअर म्हणजे हजार मिलीअँपिअर. माणूस मरत असताना त्या एमसीबीच्या दृष्टीने घरात एक जादा बल्ब लागलेला असतो, एवढेच.

‘थोडा करंट मारतो’ हे वाक्य म्हणून घरात ऐकू आले की त्या क्षणी पिन काढून कूलर बंद ठेवायचा आणि वायरमनला दाखवायचा. खाली लाकडी पाट किंवा रबरी चटई टाकून काम भागवणे हा उपाय नव्हे, पुढच्या माणसासाठी लावलेला सापळा आहे.

धोका कूलरपाशीच थांबतो असेही नाही. कूलर खिडकीच्या लोखंडी गजांना टेकलेला असतो. त्याच गजाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते. आतल्या खोलीतल्या पंपाचा दोष अंगणातल्या ओल्या कपड्यांपर्यंत पोहोचतो, आणि तिथे खेळणाऱ्या मुलाला कूलर दिसतसुद्धा नाही.

अर्थिंग: आहे असे वाटते, पण असते का?

अर्थिंग म्हणजे उपकरणाच्या धातूच्या अंगापासून थेट जमिनीत नेलेली विजेची पळवाट. अंगावर वीज उतरली की ती माणसाची वाट न पाहता तारेने जमिनीकडे धावते. प्रवाह एकदम वाढतो आणि एमसीबी पडतो. कूलर बंद पडतो, घरातले कुरकुरतात, पण जिवंत असतात.

अचलपूरच्या जुन्या वाड्यांत आणि परतवाड्यातल्या भाड्याच्या खोल्यांत ही पळवाट कितीदा अर्ध्यावरच तुटलेली असते. पूर्वी कुठे कुठे अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधून मोकळे होत. नंतर पाइप प्लास्टिकचे आले. तार अजून बांधलेली दिसते, पण तिच्या पुढे जमीनच नाही. कुठे बोर्डावर तीन भोके आहेत आणि मागे दोनच तारा. कुठे मोठी पिन भोकात जात नाही म्हणून ती कापून टाकलेली, किंवा कूलरला पहिल्यापासूनच दोन पिनांची वायर. सर्वांत घातक प्रकार म्हणजे बोर्डाच्या आतच न्यूट्रलची तार अर्थच्या टोकाला जोडून देणे. टेस्टरने पाहिले तर सगळे ठीक दिसते. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, की घरातल्या प्रत्येक तीन-पिनी उपकरणाच्या अंगावर वीज येते. असा जोड करून देणारा वायरमन हुशार नसतो.

काळ्या जमिनीची एक गोष्ट वायरिंगच्या पुस्तकापेक्षा इथल्या शेतकऱ्याला जास्त कळेल. पावसाळ्यात ही माती पाणी धरते आणि वीज चांगली वाहून नेते. एप्रिल-मेमध्ये ती वाळते, आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यातल्या नळीभोवतीची मातीही तशीच वाळते आणि नळीपासून सुटते. म्हणजे कूलर सर्वांत जास्त चालतो त्याच दोन महिन्यांत अर्थिंग सर्वांत दुबळे असते. अर्थिंगचा विरोध वीस ओहमवर गेला, तर दोष असतानाही प्रवाह साडेअकरा अँपिअरच होतो. सोळा अँपिअरचा एमसीबी पडत नाही आणि कूलरचे अंग तसेच तापते राहते. म्हणून ज्यांच्या घरी अर्थिंगचा खड्डा आहे, त्यांनी उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा त्यात बादलीभर पाणी ओतावे. वापरलेले पाणीही चालते. खड्डा कुठे आहे हेच माहीत नसेल, तर तो आधी शोधावा. घराला नवी फरशी बसवताना तो बुजला असण्याची शक्यता बरीच असते. अर्थिंगचा विरोध मोजण्याचे यंत्र परवानाधारक ठेकेदाराकडे असते आणि तपासणीला फार वेळ लागत नाही.

दोन हजारांचे उपकरण

अर्थिंगवर सगळी भिस्त ठेवता येत नाही म्हणून आरसीसीबी आला. तो दिसतो एमसीबीसारखाच, पण काम वेगळे करतो. फेजने घरात किती वीज गेली आणि न्यूट्रलने किती परत आली, याचा तो सतत ताळा घेतो. दोन्ही सारखे असतील तर गप्प राहतो. थोडी वीज दुसऱ्याच वाटेने, म्हणजे पत्र्यातून किंवा माणसातून, जमिनीत चालली की हिशेब चुकतो आणि तो पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलीअँपिअरचा घ्यावा. दुकानात १०० किंवा ३०० चाही मिळतो. तो आगीपासून बचाव करायला बरा, माणसासाठी नाही. ३० चा आरसीसीबी गळती त्या मर्यादेला पोहोचली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पडायला हवा. गळती मोठी असेल तर त्याहून कितीतरी लवकर. अर्थिंग नसलेल्या घरातही तो काम करतो. फरक इतकाच की तिथे माणसाला एक झटका बसतो आणि मग पुरवठा तुटतो. अर्थिंग असेल तर हात लागण्याआधीच तुटतो.

साधारण घराला पुरेल असा चांगल्या कंपनीचा आरसीसीबी दोन हजार रुपयांच्या आसपास येतो, बसवणावळ वेगळी. नव्या कूलरवर सात-आठ हजार घालणाऱ्या घराला ही रक्कम जड नाही. ज्याला जड आहे, त्याने निदान कूलरच्या बोर्डापुरता तो बसवून घ्यावा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत ठरावीक भारापुढच्या जोडण्यांना असे गळती-संरक्षण सांगितलेलेच आहे. कागदावर ते आहे, घराच्या मीटरपेटीत अनेकदा नाही.

आरसीसीबी बसवलेल्या घरांत एक तक्रार नेहमीची: ‘तो सारखा पडतो, म्हणून काढून टाकला.’ तो पडतो याचा अर्थ घरात कुठे तरी गळती आहे, किंवा दोन वेगळ्या वाटांचे न्यूट्रल एकत्र बांधले आहेत. इन्व्हर्टर बसवलेल्या घरांत हा दुसरा घोटाळा फार आढळतो. न्यूट्रल वेगळे करून देणे हे वायरमनचे तासा-दोन तासांचे काम आहे. आणि इन्व्हर्टरवर चालणाऱ्या बोर्डांना मुख्य आरसीसीबीचे संरक्षण मिळतेच असे नाही, तेही त्याच वेळी विचारून घ्यावे. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबायचे. पडला तर ठीक, नाही पडला तर बदलायचा. त्याच्यामुळे एमसीबीची गरज संपत नाही. जास्त भार आणि शॉर्टसर्किट हे एमसीबीचेच काम. फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा एकदम हातात आल्या, तर आरसीसीबीलाही कळत नाही.

जबाबदारी कुणाची?

महावितरणचे पत्रक दरवर्षी ग्राहकाला सांगते: अर्थिंग तपासा, तीन पिनांचा प्लग वापरा, पाणी भरताना पुरवठा बंद करा. सगळे बरोबर आहे. पण त्याच केंद्रीय विनियमांत पुरवठादाराचेही एक कर्तव्य लिहिलेले आहे. ग्राहकाच्या जागेत, जिथून पुरवठा सुरू होतो तिथे, वापरता येईल असे अर्थिंगचे टोक त्याने उपलब्ध करून द्यायचे आणि सांभाळायचे. मीटरपेटीजवळ हे टोक किती घरांत आहे? जुन्या वस्त्यांत शोधायला निघालेल्याला ते सापडेलच असे नाही. मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची, हे खरे. मीटरपाशी अर्थचे टोक नसणे ही ग्राहकाची चूक कशी?

नवी जोडणी देताना वायरिंगच्या तपासणीचा कागद लागतो. तो एकदाच लागतो. वीस वर्षांपूर्वी चार पॉइंटसाठी दिलेल्या कागदावर आज तीन कूलर, फ्रिज आणि वॉशिंग मशीन चालते. दरमहा रीडिंगसाठी माणूस दारात येतोच. फेब्रुवारी-मार्चच्या फेरीत मीटरपाशी अर्थचे टोक आहे की नाही याची नोंद त्याच्याकडून घेतली, तर महावितरणच्या अचलपूर कार्यालयाकडे उन्हाळ्याआधी एक यादी तयार असेल. नगर परिषद घरपट्टीसाठी घरे मोजते; तिच्या शाळा, अंगणवाड्या आणि दवाखान्यांतल्या कूलरच्या अर्थिंगची तपासणी तिने स्वतःपासून सुरू करायला हरकत नाही. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.

घरमालकांचे मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. परतवाड्यात शिक्षणासाठी, नोकरीसाठी मेळघाटातून आणि आसपासच्या खेड्यांतून आलेली मुले एका खोलीत तिघे-चौघे राहतात. कूलर त्यांचा, वायरिंग मालकाची. ‘कूलर लावाल तर महिन्याला इतके जास्त’ असे पैसे घेणाऱ्या मालकाने त्या पैशांत अर्थिंग असलेला एक तीन-पिनी बोर्ड दिलाच पाहिजे. भाडेकरूनेही खोली पाहताना नळाबरोबर बोर्ड तपासावा.

पाणी भरताना

बटण बंद केले म्हणजे वीज बंद झाली, असे धरून चालू नये. वायरिंग उलट झालेली असेल तर बटणाने फक्त न्यूट्रल तुटतो आणि कूलरपर्यंत फेज आलेलाच असतो. पाणी भरण्याआधी पिन हातभर बाहेर काढायची, मगच टाकीला हात लावायचा. पायात रबरी चप्पल असावी. काम झाल्यावर खालची फरशी पुसून, हात कोरडे करून मग पिन लावावी. नळाची नळी चालू कूलरमध्ये सोडून देणे आणि ती वाहत असताना दुसऱ्या कामाला लागणे ही इथली सर्रास सवय आहे. तीच सर्वांत आधी मोडायला हवी. लहान मुलांना पाणी भरायला सांगू नये. सुटीत मुले मोठ्या हौसेने ते काम मागतात, म्हणून तर जास्त सांगायचे.

वायर अखंड असावी, मध्ये जोड नको. लांबी कमी पडली तर तीन तारांची नवी वायर घालून घ्यावी. जमिनीवर लोळणारा एक्स्टेंशन बोर्ड कूलरखाली ठेवला तर तासाभरात त्यावर थेंब पडू लागतात. कूलर खिडकीच्या गजांना टेकू देऊ नये. मध्ये लाकडी फळी किंवा रबर असावे, आणि कपड्यांची तार त्या गजातून काढून दुसरीकडे बांधावी. पत्र्याऐवजी प्लास्टिकच्या अंगाचा कूलर थोडा सुरक्षित, हे खरे. पण टाकीतले पाणी आणि पंप त्यातही असतातच.

तरीही कुणाला धक्का बसलाच, तर पहिले काम मुख्य स्विच पाडणे किंवा पिन काढणे. त्याआधी त्या माणसाला हात लावायचा नाही. एकामागोमाग दोन मृत्यू होतात ते इथेच. स्विच सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला कूलरपासून दूर ढकलावे. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबत राहायचे. लहान मुलाला एका हाताने. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा. मातीत पुरणे, अंगाला शेण लावणे यात जाणारी पाच मिनिटे परत मिळत नाहीत. माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी त्याला दवाखान्यात न्यावेच, कारण हृदयाची लय नंतरही बिघडू शकते. घराबाहेरची तार, खांब किंवा मीटरपेटी यात दोष दिसला तर महावितरणला १९१२ वर किंवा १८००-२१२-३४३५ वर कळवावे.

टाकीतले पाणी

कडक उन्हात मोठा कूलर तासाला दहा लिटरच्या आसपास पाणी उडवतो, कधी त्याहून जास्त. दुपारपासून पहाटेपर्यंत चालला तर दीडशे लिटरचा हिशेब सहज होतो. शहरातल्या एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्याचे सरकारी माप १३५ लिटर आहे. म्हणजे कूलर हा घरातला एक जादा माणूसच समजायचा, आणि तोही नळ उशिरा येण्याच्या दिवसांत. त्याची तहान भागवण्यासाठी नळाला टिल्लू पंप लावणाऱ्याने गल्लीच्या टोकाच्या घराचे प्यायचे पाणी ओढलेले असते. रात्री अकरानंतर बाहेरची हवा उतरली की पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. ओली ताटी बराच वेळ गारवा देते आणि काही बादल्या वाचतात.

पाणी उडते, त्यातले क्षार मागे राहतात. रोज नुसते वरून भरत गेले की टाकीतले पाणी दिवसेंदिवस जड होते आणि ताटीवर पांढरे कवच चढते. दर्यापूर, अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात तर आठ-दहा दिवसांत ताटीची वीट होते. अशा पाण्यातून वीजही जास्त सहज वाहते. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची. ते पाणी झाडांना घालू नये, फरशीला किंवा अंगणात मारायला वापरावे.

आठवडा हाच का, याचे दुसरे कारण डेंग्यूचा डास. त्याची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत होते, आणि कूलरची टाकी ही त्याची आवडती जागा. मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीला चिकटवते. नुसते पाणी ओतून दिले तर अंडी जिथल्या तिथे राहतात, म्हणून टाकीच्या बाजू ब्रशने घासाव्या लागतात. ही अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. जूनमध्ये तसाच माळ्यावर टाकलेला कूलर पुढच्या वर्षी पहिले पाणी पडताच डास काढू शकतो.

मृग लागल्यावर कूलर उतरवताना म्हणून टाकी घासून, दोन दिवस उन्हात उलटी ठेवून वाळवावी आणि जुने गवत जाळीतून काढून फेकावे. पंप कोरडा करून कापडात गुंडाळावा. वायर टाकीत कोंबून ठेवली तर माळ्यावरचे उंदीर ती कुरतडतात, आणि कुरतडलेली जागा मार्चमध्ये पत्र्याच्या आत असल्याने दिसत नाही. ती गुंडाळून वेगळी, खुंटीला टांगून ठेवावी. पुढच्या वर्षी लावण्याआधी हाताने टोकापासून टोकापर्यंत चाचपून घ्यावी.